बागेतलं संग्रहालय बघून आलो : राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या बागेतल्या २३ झाडांना नोटिसा लागल्या. झेरॉक्सचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत सरकवून सुतळीने खोडाला बांधलेला, आणि सालीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा. कांचन, बहावा, दोन आंबे, कोपऱ्यातला थोरला पर्जन्यवृक्ष. कागदावर होतं की बागेच्या जागेत कलादालन आणि ५०० आसनांचं सभागृह बांधायचं आहे, खाली दुमजली वाहनतळ, त्यासाठी ही झाडं तोडणं किंवा दुसरीकडे लावणं गरजेचं आहे. कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत कळवावी.

मी ३८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आमच्या भागात एक बरं कलादालन नाही, हे मी स्टाफरूममध्ये, पालकसभेत, गणपतीच्या मंडपात, जिथे कुणी ऐकेल तिथे बोलत आले. पोरांची चित्रं लोकांना दाखवायची तर फोर्टात जायचं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, पण तिथे तारीख मिळायला किती वाट बघावी लागते ते चित्रकारांना विचारा. म्हणून सकाळी फिरायला येणाऱ्या बायका सह्यांचा कागद घेऊन आल्या, तेव्हा मी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून उभी राहिले.

त्यात माझा एक जुना विद्यार्थी तिथेच होता. हौशी नाटकांत नेपथ्य करतो. तो म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणायचात ना, आपल्याकडे गॅलरी हवी म्हणून? आता मिळतेय तर सही कसली करताय?"

त्याला उत्तर देता येईना. मी म्हटलं, शनिवारी भायखळ्याला जाऊ. तिथे राणीच्या बागेत उभं असलेलं एक संग्रहालय आहे, भाऊ दाजी लाड, दीडशे वर्षांचं. ते बागेत कसं बसलंय ते नीट बघू आणि मग बोलू. असे आम्ही नऊजण निघालो. सहा बायका, दोन काका आणि हा. हे परीक्षण त्या दिवसाचं आहे.

आधी उपयोगाचं सांगते. बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्हीकडे सुट्टी असते, तेव्हा बुधवारी जाऊ नका. मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरून पूर्वेला बाहेर पडा, चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. उतरलात की स्टेशनकडेही एकदा मान वर करून बघा. जुनी इमारत मनापासून दुरुस्त केलीय, २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. संग्रहालय आधी करा आणि बाग नंतर. आम्ही दहाला आत गेलो, बारा वाजता बाहेर आलो आणि भर उन्हाच्या वेळी झाडांखाली होतो. उलट केलंत तर सकाळचा गारवा बागेत वाया जातो आणि संग्रहालयात शिरेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. शनिवार-रविवारी पेंग्विन बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण ती सगळी पुढे निघून जाते.

संग्रहालय बागेच्या तोंडाशीच आहे. ही गोष्ट मी पूर्वी दहा वेळा येऊनही टिपली नव्हती. पोरांच्या सहलीत डोकी मोजण्यातच माझा वेळ जायचा. या वेळी मुद्दाम फाटकापाशी उभी राहिले आणि बघितलं. इमारत रस्त्याच्या बाजूला, कडेला आहे. तिच्यासाठी बाग ओलांडावी लागत नाही आणि बागेत जाणाऱ्याच्या वाटेत ती येत नाही. उंचीही झाडांच्या आतबाहेर. आपण आत शिरून चार पावलं चाललो की मागे वळून बघावं, इमारत पानांआड गेलेली असते.

आत गेल्यावर आमच्यातल्या सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. फिक्या हिरव्या रंगाचे ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर सोनेरी नक्षी, पायाखाली मिंटन या इंग्रज कंपनीच्या फरश्या, मधोमध प्रिन्स अल्बर्टचा पांढरा पुतळा. पूर्वी याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणायचे. १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. हे भाऊ दाजी म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, शिलालेख वाचणारे संस्कृतचे जाणकार, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून नाना शंकरशेटांच्या बरोबरीने खपलेले. मधल्या काळात इमारतीची रया गेली होती. २००३ ते २००८ अशी पाच वर्षं दुरुस्ती चालली, आणि ते काम चालू असतानाच २००५ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला.

वरच्या मजल्यावर जरूर जा. गुडघे दुखत असतील तर जिना हळूहळू चढा, पण चढा. वर मुंबई आहे. बेटांचे नकाशे आहेत, आणि मातीच्या छोट्या मूर्तींमधून दाखवलेली इथली माणसं. पगड्यांचा भाग मी तीनदा बघितला. मुठीत मावतील एवढी डोकी आणि प्रत्येकाची पगडी निराळी. एका पगडीचे पीळ बघायला मी चष्मा काढून काचेला नाक लावलं. करणाऱ्याने बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कापड वळवलंय, आणि घडी जिथे आत जाते तिथे रंग अर्धी छटा गडद केलाय. वर्गात मी छाया शिकवायचे ती हीच. माझ्या विद्यार्थ्याला हाक मारली, तोही वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, असं काही आपल्याकडे पोरांना रोज बघता आलं असतं तर?" त्याचं खरंच आहे. त्याच्या मागणीत काही चूक नाही, हे मला त्या काचेपाशी पुन्हा पटलं.

बाहेर आलो. संग्रहालयाच्या शेजारी तो दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले आणि बऱ्याच वर्षांनी जोडले. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. आमच्यातल्या एका काकांनी कुंपणाबाहेरून हात लांब करून सांधा दाखवला आणि म्हणाले, "उचलून दुसरीकडे लावायचं म्हणतात ना, ते हे असं होतं." ते आमच्या झाडांबद्दल बोलत होते. नोटिशीत २३ पैकी १४ झाडांपुढे 'पुनर्रोपण' लिहिलंय. पुनर्रोपण केलेली झाडं मी पाहिली आहेत. फांद्या छाटून ठेवलेलं खोड, वर शेण लावून गोणपाट गुंडाळलेलं, एक पावसाळा थोडी पालवी फुटते, पुढच्या उन्हाळ्यात ते जळणाचं लाकूड होतं.

जहांगीरला जाताना आपण 'काळा घोडा' म्हणतो, तो मूळचा घोडाही १९६५ पासून इथेच आहे, वर सातवा एडवर्ड बसलेला. चित्रकलेच्या मास्तरांनी तो बघावाच. घोड्याच्या छातीचे स्नायू असे क्वचित बघायला मिळतात.

आता बाग. राणीच्या बागेचं संकेतस्थळ २८६ जातींची झाडं सांगतं, झाडांची संख्या ३,००० च्या वर. आम्ही सगळी बघितली नाहीत, बघताही येत नाहीत. पण फेब्रुवारीत गेलात तर उर्वशी शोधा. मूळची म्यानमारची. तिची फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात, लाल, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलांइतकीच तिची नवी पालवी बघण्यासारखी. पिळून वाळत टाकलेल्या रुमालांसारखी ती फांदीवरून खाली लोंबत असते, रंग तांबूस, थोडा गुलाबीकडे झुकणारा, आणि हात लावला तर ओलसर गार लागते. हिरवी झाली की ती ताठ होते. हा रंग मी पॅलेटवर करून बघितला घरी आल्यावर. बर्न्ट सिएनात थोडं क्रिमझन घातलं, तरी जमला नाही.

गोरखचिंचेच्या खाली आम्ही डबे उघडले. पानं नव्हती तिला, पण बुंधा एवढा की चौघांच्या पाठी टेकल्या. कैलासपतीची फुलं थेट खोडातून फुटतात, ते बघून एका वहिनींनी हात जोडले. कुणी घाई केली नाही.

ही बाग मुळात शिवडीला होती, हे मला तिथे गेल्यावर एका काकांनी सांगितलं आणि घरी येऊन मी ताडून बघितलं. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीत होती. ती जागा पुढे दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आली. १८६२ मध्ये ती उघडली, व्हिक्टोरिया गार्डन म्हणून. संग्रहालयाचा पाया त्याच वर्षी घातला आणि २ मे १८७२ ला ते लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे बाग आणि इमारत एकदमच आखलेल्या. इमारत येणार हे बागेबरोबरच ठरलेलं होतं.

आणि प्रमाण बघा. तेव्हा बाग ३३ एकरांची होती. १८९० मध्ये प्राणिसंग्रहालयासाठी आणखी १५ एकर जोडले, म्हणजे नवीन काही आणायचं तर नवीन जमीन घेतली. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजार होती. २०११ मध्ये ती १ कोटी २४ लाखांवर गेली. आज मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरतात. सव्वा चौरस मीटर म्हणजे किती ते मी जमिनीवर कागद मांडून बघितलं. फुल इम्पीरियलच्या, म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या कागदाच्या, तीन शीट्स. एका माणसाच्या वाट्याला तीन शीट्स. आमची बाग पावणेदोन एकर, तिच्या निम्म्यावर सभागृह, आणि उरलेल्या निम्म्यात वाहनतळाचा उतार, जनरेटरची खोली, तिकीटखिडकी. खाली काँक्रीटची पेटी असली की वर मोठं झाड सहसा धरत नाही, मुळं जायला जागा नसते. वरती कुंड्या आणि कार्पेट लॉन येतं.

यातलं बरंचसं मी माझ्या विद्यार्थ्याला गोरखचिंचेखाली बसून सांगितलं. तो गप्प होता. मग म्हणाला, "पण बाई, राणीच्या बागेतसुद्धा बांधकामं झालीच की."

झाली. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००७ च्या सुमाराला इथे प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा शेकडो कोटींचा आराखडा आला होता. तो जसाच्या तसा झाला असता तर या वनस्पती उद्यानाचं काय राहिलं असतं कोण जाणे. तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या काही बायकांनी 'सेव्ह राणी बाग' म्हणून काम सुरू केलं. त्यांनी झाडांची नावं, जागा, बुंध्यांचे घेर लिहून काढले, लोकांना बागेत आणून झाडं दाखवली, वारसा समितीपर्यंत गेल्या. अनेक वर्षं हे चाललं आणि तो आराखडा मूळ रूपात उभा राहिला नाही. पुढे २०१६ मध्ये पेंग्विन आले, इमारती आल्या, पिंजऱ्यांच्या काचा आल्या, सगळं काही त्या बायकांच्या मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्या उर्वशीखाली आम्ही उभे होतो, ती उभी आहे. प्राणी बघायचे असतील तर या परीक्षणातून तुम्हाला फार काही मिळणार नाही, आम्ही तिकडे गेलोच नाही. एका काकूंच्या नातीला पेंग्विनचा फोटो हवा होता, तेवढा त्या काढून आल्या.

परतीच्या गाडीत मी माझ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या एका सभागृहाबद्दल सांगितलं. नाव इथे लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मला मुलांच्या चित्रस्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तेही सभागृह एका बागेत बांधलेलं, त्यातही 'कलादालन' म्हणून एक लांब खोली. मी गेले तर खोलीत साड्यांचं प्रदर्शन आणि विक्री. मुलांची चित्रं जिन्यात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली. जिन्यात वारा, चित्रं उलटी होत होती, एक पहिलीतली मुलगी प्रत्येक वेळी आपलं चित्र सरळ करायला धावत होती. मी व्यवस्थापकांना विचारलं, तर म्हणाले, मॅडम, खर्च निघायला हवा ना. बाहेर एसीची यंत्रं चालायच्या वाटेवर तोंड करून लावलेली, त्यांच्या समोरचा चाफा एका बाजूने करपलेला. संध्याकाळी सहाला रखवालदार बागेत फिरणाऱ्यांना सांगत होता, "आज हॉल बुक आहे, लवकर निघा." लग्न होतं. झोपाळ्यांपाशी वाढप्यांनी भांडी मांडली होती.

बागेतल्या सभागृहाचं असं होतं, कारण सभागृहाला खर्च असतो आणि बागेला उत्पन्न नसतं. जो खर्च काढतो त्याचं ऐकावं लागतं. मग बाग सभागृहाचं अंगण होते. कलेलाही तिथे जागा मिळत नाही, हे मी त्या जिन्यात डोळ्यांनी बघितलं. म्हणून मी म्हणते की झाडांच्या बाजूने सही करताना मी कलेच्या विरोधात गेले, असं कुणी समजू नये. शहराच्या विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण वेगळं असतं आणि सांस्कृतिक केंद्राचं, नाट्यगृहाचं वेगळं. दोन्ही गरजा आहेत म्हणूनच वेगळं असतं. एकाची जागा दुसऱ्याला देऊन दोन्ही पुरल्या असं होत नाही.

सहाव्या दिवशी आम्ही हरकत दाखल केली. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा, त्यात २०२१ मध्ये आलेली दुरुस्ती, ज्यानुसार ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात, हे सगळं एका वहिनींच्या मुलीने नीट लिहून दिलं. पर्जन्यवृक्षाचं वय दाखवायला तळमजल्यावरच्या आजींनी कपाटातून फोटो काढला. १९६९ मधलं हळदीकुंकू, मागे तेच झाड, आणि बुंधा तेव्हाच एवढा जाड की त्याच्याआड लपलेल्या मुलाचं नुसतं कोपर दिसतंय. फोटोची प्रत जोडली. पोचपावतीवर शिक्का घेतला. १,१२६ सह्या, त्यातली एक माझी. शेवटची माझ्या विद्यार्थ्याची.

त्याने सही करताना एकच अट घातली. म्हणाला, "हरकत लिहिलीत तशी सूचनाही लिहा. नुसतं नको म्हणून मी सही करणार नाही."

सूचना माझ्याकडे होती, मला ती त्या शनिवारी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर सुचली होती. मी जिथे शिकवलं त्या शाळेचा तिसरा मजला गेली काही वर्षं कुलूपबंद आहे. मराठी माध्यमाची पटसंख्या घसरली, तुकड्या कमी झाल्या, वरचे वर्ग रिकामे पडले. शाळा स्टेशनपासून सात मिनिटांवर आहे, खाली पटांगण आहे, वेगळा जिना आहे. मुख्याध्यापकांनी आम्हाला किल्ली दिली आणि काल संध्याकाळी आम्ही दोघे वर गेलो. धूळ खूप होती. एका फळ्यावर कुणाच्या तरी हाताने काढलेलं मोराचं चित्र अजून होतं. त्याने टेप काढला, मी टोक धरलं. चार वर्गांच्या मधल्या भिंती पार्टिशनच्या आहेत, त्या काढल्या तर ८६ फूट लांब, २२ फूट रुंद. त्याने वहीत आकडे लिहिले आणि खिडकीची झडप ढकलून उघडली.

"बाई, या सगळ्या खिडक्या उत्तरेला आहेत."

मला ते माहीत होतं. ३८ वर्षांतली अकरा मी त्याच उजेडात चित्रं काढून घेतली आहेत.